दौलतरावांचं सागवान

"लाकूड कुठवर आलं, हरिचंद्रा?"

बुधवारच्या प्रार्थनेतलं शेवटचं आमेन अजून खोलीतच होतं, तेवढ्यात दौलतरावांनी विचारलं. दर बुधवारी विचारत.

"इगतपुरीला," मी म्हणालो. "धुकं काय पडलंय! ड्रायव्हरनं ओला शर्ट धुक्यावरच वाळत घातला. दोरी लागली नाही."

"आणि ओंडक्यांवर वाघ बसला होता तो?"

"तो नाशिकला उतरला. द्राक्षं आवडली म्हणे."

दौलतराव हसले, मग खोकले, मग खोकत खोकत पुन्हा हसले. त्यांच्या बायकोनं, राजाबाईंनी केरसुणी घेतली आणि त्या भिंतीलगतची जागा झाडायला लागल्या. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद. मोरिवलीच्या दहा बाय बाराच्या त्या खोलीत आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसून गीतं म्हणायचो, पण त्या जागेवर कुणी पाय ठेवत नसे. ती दौलतरावांच्या पेटीची जागा होती. पेटी नव्हती. ती का नव्हती, ते मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

दौलतराव सुतार. चाळीस वर्षं उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यात त्यांनी नवरीचे पलंग केले. असे पलंग की, नवरा-बायकोचं भांडण झालं तरी पलंग करकरायचा नाही. घरी येताना उरलेल्या फळ्या मागून आणायचे आणि रविवारची उपासना झाली की शवपेट्या करायचे. चर्चच्या मंडळीतल्या गरिबांसाठी, फुकट. त्यांच्या वडिलांना नगरकडच्या गावात चादरीत गुंडाळून पुरलं होतं. पावसात. "आधी चादर भिजली, मग बाप," एवढंच ते त्याबद्दल सांगत. आणि म्हणत, "शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच उठायचंय. पण कुणी अंगावरची माती झटकत उठू नये."

स्वतःसाठी मात्र त्यांनी सागवानाची पेटी ठरवली होती. जन्मभर सागवान दुसऱ्यांच्या पाठीखाली घातलं, एकदा आपल्याही पाठीला लागू दे, एवढीच हौस. पेटी तयार झाली की आत झोपून माप बघायचे आणि मग राजाबाई तीत वर्षाचे तांदूळ भरायच्या, कडुलिंबाचा पाला घालून. जागा कशाला वाया घालवायची?

एकदा माप बघता बघता त्यांना आतच डुलकी लागली. शेजारच्या पुतळाबाई वाटीभर तांदूळ उसने मागायला आल्या. राजाबाई चुलीपाशी. म्हणाल्या, "घ्या की पेटीतून." पुतळाबाईंनी झाकण उचललं, तर आतून दौलतराव उठून बसले आणि म्हणाले, "किती हवेत?" पुतळाबाई ज्या पळाल्या त्या अंबरनाथचं स्टेशन ओलांडून उल्हासनगरच्या हद्दीत थांबल्या. मी सांगतोय, म्हणजे अर्धं धरा. पण परत आल्यावर त्या जे ओरडल्या ते अख्ख्या चाळीनं ऐकलंय. "अगो राजाबाय, तुजा दादला जित्तेपनी मढ्याच्या खोक्यान झोपतंय गो!"

मात्र ते खोकं घरात कधी टिकलं नाही. मंडळीत कुणी अचानक गेलं आणि दुसरी पेटी तयार नसली, की राजाबाई मुकाट्यानं तांदूळ पिंपात ओतायच्या आणि दौलतरावांची सागवानी पेटी दुसऱ्याच्या दारात जायची. पहिली एका वॉचमनला गेली. तो इतका उंच निघाला, की पायाकडची फळी काढून जोड लावावा लागला. अशा सहा गेल्या. सहा वेळा दौलतराव शेठकडून लाकूड घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सातवी माझ्या बायकोला, जनीला गेली.

तीन वर्षांपूर्वी, आषाढात. सकाळी चहा देऊन आत गेली, ओट्यापाशी बसली ती उठलीच नाही. दुपारी दौलतराव टेम्पोतून पेटी घेऊन बदलापूरला, कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आले. लिफ्टमध्ये पेटी मावेना, तेव्हा त्या वयात त्यांनी चार मजले ती खांद्यावर चढवली. राजाबाईंनी आतून ओल्या फडक्यानं पुसली होती, तरी जनीला ठेवताना तिच्या केसांत तांदळाची एक कणी अडकली. मी ती काढली नाही.

कबरीपाशी मी दौलतरावांचे हात धरले. "महिन्याभरात तुम्हाला लाकूड आणून देतो. बल्लारशाहचं, एक नंबर. देवाशपथ."

"शपथ कशाला?" ते म्हणाले. "हो म्हणालास, झालं."

तोवर त्यांचा कारखाना सुटला होता. आता लाकूड द्यायला शेठ नव्हता, मी होतो. कंपनीतून रिटायर झालेला, पेन्शनवाला, पोरगा चांगल्या नोकरीत. पहिल्या महिन्यात दुःख होतं. दुसऱ्यात पोराच्या, सनीच्या फ्लॅटचं फर्निचर निघालं. तिसऱ्या महिन्यात दौलतरावांनी विचारलं, "लाकूड कुठवर आलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निघालंय. पण ट्रकसमोर अस्वल आडवं बसलंय." सगळी खोली हसली. पाळकसाहेबसुद्धा हसले. पुढच्या बुधवारी अस्वल उठलं, पूल वाहून गेला. मग वाघ आला. गोष्ट अशी रंगली की, लाकूड आणायची मला गरजच वाटेना. बापानं माझं नाव हरिचंद्र ठेवलं, यात देवाला काय गंमत वाटली कोण जाणे.

यंदा चैत्रात दौलतरावांनी अंथरूण धरलं. जन्मभराचा भुसा छातीत बसला होता. राजाबाई पाण्याला गेल्या होत्या. ते भिंतीकडे बघत पडलेले.

"लाकूड कुठवर आलं?"

मी तोंड उघडलं. कसाऱ्याला काहीतरी घडवायचं मनात होतं. पण ऐकून हसायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"लाकूड नाहीच, दौलतराव. कधीच नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"अस्वलापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो. तीन वर्षं रोज प्रार्थना केली, देवा, याला लाज दे." त्यांना दम लागला. "उशिरा दिलीस बघ, असं सांगणार आहे मी त्याला. भेटल्यावर."

"मला माफ करा."

"केलंय. करावंच लागतं आपल्यात." ते हसले नाहीत. "मला फार जड गेलं ते, हरिचंद्रा. तुला गोष्टी जेवढ्या सोप्या गेल्या, तेवढं."

दारात हंड्याचा आवाज आला. त्यांनी माझं मनगट धरलं. सुताराची पकड, तेवढी शाबूत होती.

"हिला सांगू नकोस. ती रोज जागा झाडते."

वैशाखातल्या एका पहाटे ते गेले. मी पहिली रिक्षा पकडून कॅम्प चारला गेलो. वखार उघडायच्या आधी दारात उभा. त्यांच्याच जुन्या कारखान्यातल्या कारागिराला म्हणालो, सागवान घे, दुप्पट पैसे घे, तिप्पट घे, पण संध्याकाळपर्यंत पेटी दे.

तो म्हणाला, "चाचा, सागवान है, चपाती नहीं. दो दिन लगेगा. बॉडी गर्मी में रहेगी क्या?" मग हळूच म्हणाला, "उस्ताद का तो बना हुआ होगा ना? हमेशा बना के रखते थे."

शेवटी पाळकसाहेबांनी फोन करून तयार पेटी मागवली. प्लायची. वरून लाकडाची नक्षी छापलेला कागद, कोपऱ्यांना स्टेपलच्या पिना, बाजूंना सोनेरी मुलाम्याच्या प्लॅस्टिकच्या कड्या. प्लायला दौलतराव लाकूडच मानत नसत. "भुशाची भाकरी," म्हणायचे.

कबरीपाशी पाळकसाहेब छान बोलले. मेलेल्यांना आशा आहे, म्हणाले. असेल. पेटी धरणाऱ्यांत मी पुढच्या उजव्या बाजूला होतो. खाली सोडताना मी कडी धरली आणि ती माझ्या हातात आली. पेटी एका अंगाला कलली, दोरानं सावरली, खाली टेकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. कडी मी खिशात टाकली. पेनच्या टोपणाएवढं वजन.

त्या बुधवारी प्रार्थनेला चौघंच होतो. गीत अर्ध्यावर बसलं. आमेननंतर कुणी काही विचारलं नाही. लोक उठले. मीही चपलांकडे निघालो.

"भाऊजी," राजाबाई म्हणाल्या, "ते लाकूड कुठवर आलं?"

खिशातली कडी माझ्या मुठीत होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती, राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

"शहापूरला, वहिनी," मी म्हणालो. "उतार लागलाय आता."

"येऊ दे." त्या म्हणाल्या. "पण आता त्याला रंधा कोण मारणार?"

मग त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि भिंतीलगतची साडेसहा फूट जागा झाडायला लागल्या.