शेवटच्या आवुजोचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. किती जुने ते मला विचारू नका. माझ्या बुडाला तीन ठिगळे आहेत आणि एक कान तुटला आहे, एवढ्यावरून काय तो अंदाज करा. आता माझ्यात चवळीच्या भज्यांचे पीठ भिजवतात. पण एके काळी माझ्यात एका वेळी शंभर माणसांची चवळी शिजत असे, आणि त्यातला पहिला घास मेलेल्यांसाठी काढला जात असे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडीशी बढाई आहे, पण खरी आहे.

माझा जन्म आफ्रिकेतल्या फ्रीटाऊन शहराच्या बाजारामागे, सोरी म्हाताऱ्याच्या भट्टीवर झाला. एका बसचे मोडके इंजिन, खिडकीची चौकट आणि दोन फुटक्या किटल्या वितळवून त्याने मला वाळूच्या साच्यात ओतले. मी थंड झाल्यावर त्याने बोटाने टिचकी मारली आणि समोर उभ्या असलेल्या उंच, सडपातळ मुलीला तो म्हणाला, "जाड आहे. तुला पुरून उरेल."

ती मुलगी म्हणजे मोदुपे. मला डोक्यावर घेऊन ती टेकडीची चढण एका दमात चढली. वर तिच्या वडिलांनी बांधलेले लाकडी घर होते. तांबड्या दगडाचे जोते, फळ्यांच्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या. त्या घरातच माझी उमर गेली आणि तिचीही. तिने लग्न केले नाही. भावाची बायको लवकर वारली तेव्हा त्याचा मुलगा एगर्टन तिनेच वाढवला. म्हणून साऱ्या घराची ती मोदुपे आत्या झाली.

आमच्या घराण्यात कुठलेही मोठे काम मेलेल्यांना विचारल्याशिवाय होत नाही. त्या जेवणाला आवुजो म्हणतात. अंगणात खड्डा खणायचा, चवळी, केळी, रताळी असे सगळे शिजवून पहिला घास त्यात घालायचा आणि पूर्वजांना नावाने हाका मारायच्या. मग कोलाची दोन कडू फळे फोडून त्यांच्या चार फाका बशीत टाकायच्या. दोन उताण्या आणि दोन पालथ्या पडल्या, की होकाराचा कौल. चारही पालथ्या पडल्या, तर नकार. एगर्टन लंडनला शिकायला निघाला तेव्हाही असाच कौल घेतला होता. त्या दिवशी आत्याने मला इतके घासले की माझ्यात तिचा रडका चेहरा दिसत होता.

माझी कीर्ती गल्लीभर होती. शेजारची रुगियातू भजी तळून विकायची, आणि तिच्याकडे काही कार्य निघाले की ती मला मागायला यायची.

"मावशी, पातेलं देता का? बहिणीच्या मुलीचं लग्न आहे."

"नाही. मागच्या खेपेला करपवून आणलंस."

"मावशी, द्या ना."

"नाही म्हटलं ना एकदा!"

"मावशी..."

"ने बाई, ने! डोकं खाऊ नकोस. आणि घासून आण."

रुगियातू गल्लीत सगळ्यांना सांगायची, "मोदुपे मावशीकडे दोनदा नाही ऐकायचं आणि तिथंच उभं राहायचं. तिसऱ्यांदा तिच्यानं नाही म्हणवत नाही." लोक हसायचे. आत्याही हसायची.

पुढे माणसे पांगली. कुणी लंडनला गेले, कुणी मातीत गेले. मोठी जेवणे बाहेरून येऊ लागली. मी जोत्याच्या कपारीत पालथा पडून राहिलो. एका कोंबडीने माझ्या आडोशाला अंडी घालायला सुरुवात केली. मला फार अपमान वाटला, पण पुढे तिचीच सोबत झाली.

मग एके दिवशी एगर्टन आला. आता त्याचे केस पिकले होते. घर आजोबांच्या नावावर, वारस पाच, चार जण परदेशी आणि पाचवी आत्या. छप्पर गळत होते आणि आत्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. चौघांनी फोनवर ठरवले होते, की घर विकायचे आणि आत्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या भाचीकडे ठेवायचे. गिऱ्हाईक बघायला येण्याआधी घर नीटनेटके करायला तो तीन आठवड्यांची रजा काढून आला होता.

एगर्टन वाईट नव्हता, मित्रांनो. उलट, सगळे विचारून करणारा माणूस. सुताराला विचारले, कुठल्या फळ्या कुजल्यात? रंगाऱ्याला विचारले, पिवळा बरा दिसेल की पांढरा? रुगियातूला विचारले, कुंपण इथून एक हात सरकवलं तर चालेल का? पाद्रीबाबांना विचारले, भिंतीवरच्या तसबिरी चर्चला हव्यात का?

आत्यालाही तो विचारायचा. "आत्या, किल्ल्या कुठं आहेत? आत्या, रंगाऱ्यांना जेवायला घालशील ना?" ती उत्तर द्यायची आणि मग दारात थोडा वेळ तशीच उभी राहायची. आणखी काही विचारतो का, म्हणून. तो फोन कानाला लावून पुढे निघून जायचा.

कुजलेल्या फळ्या गेल्या. तसबिरी निघाल्या, त्यांचे फिकट चौकोन भिंतीवर राहिले, तेही रंगाखाली गेले. धुराने काळी झालेली परसातली चूल आणि तिच्यावरचे पत्र्याचे छप्पर, गिऱ्हाइकाला आवडणार नाही म्हणून एका सकाळी पाडले. माझी कोंबडी कुणाला तरी देऊन टाकली. घर रोज जास्त सुंदर दिसू लागले आणि त्यात आत्या रोज जास्त परकी दिसू लागली.

रुगियातूला राहवले नाही. "मावशी, सांगून टाका ना त्याला, मला जायचं नाही म्हणून."

"त्यानं विचारावं," आत्या म्हणाली. "विचारलं तर सांगेन. घर काही माझ्या एकटीचं नाही. न विचारता कुणाच्या पायात आडवं पडायचं, ही रीत नाही आपली."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"विचारेल. मी वाढवलाय त्याला."

रंग वाळला. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी आवुजो ठरला. मला कपारीतून बाहेर काढले. चूल पाडलेली होती, म्हणून अंगणात तीन दगड मांडून माझ्याखाली जाळ घातला. आत्या दिवसभर माझ्यात डाव फिरवत होती, आणि तिचे अर्धे लक्ष एगर्टनकडे होते.

दुपारी खड्ड्यात घास पडला. एगर्टनने मोठ्या आदराने आजोबांना हाक मारून विचारले, "आजोबा, आम्ही घर विकतोय. तुम्हाला चालेल ना?"

फाका बशीत पडल्या. चारही पालथ्या!

माझे तर बूड आनंदाने जास्तच तापले. आत्याने मान खाली घातली होती, पण मी खालून बघत होतो, तिचा चेहरा उजळला होता.

"आत्या," एगर्टन म्हणाला, "तू विनव त्यांना. तुझं ऐकतात ते."

त्याने तिला हे विचारले नाही, हे फक्त सांगितले. म्हातारी गुडघ्यांवर बसली. खड्ड्यात पाणी ओतले आणि म्हणाली, "बाबा, आई, पोरं लांब राहतात. त्यांना झेपत नाही. रुसू नका त्यांच्यावर. माझं काय, मी कुठंही राहीन. हो म्हणा."

दुसऱ्यांदा दोन उताण्या आणि दोन पालथ्या पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला उठवायला रुगियातूला हात द्यावा लागला. ज्या छपरासाठी तिचा जीव तुटत होता, ते विकायचा होकार तिने स्वतःच्या तोंडाने मागून दिला.

गिऱ्हाइकाला घर आवडले. भाचीच्या खोलीत मी मावत नव्हतो. एगर्टनने रुगियातूला विचारले, "तुला हवं का हे पातेलं?" बघा, माझ्याबद्दलसुद्धा विचारले.

आत्या भाचीकडे आठ महिने राहिली. दुखणे असे काही नव्हते. भाची सांगते, की ती सकाळी उठून दारात उभी राहायची, आणि चहा हवा का असे विचारले की म्हणायची, "काही नको, तुमचं चालू द्या." एका सकाळी ती उठली नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या आवुजोसाठी रुगियातू मला घेऊन गेली. भाचीच्या अंगणात सगळे सिमेंट. खड्डा कुठे खणणार? शेवटी एका मोठ्या कुंडीतल्या मातीत घास घातला. एगर्टन परत आला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. फाका हातात घेऊन तो कुंडीसमोर बसला आणि त्याने विचारले,

"आत्या, आम्ही घर विकलं, ते तुला चाललं ना?"

मित्रांनो, हाच तो प्रश्न. बाईने त्याची दारात उभी राहून वाट पाहिली होती.

चारही फाका पालथ्या पडल्या.

"आत्या, चाललं ना गं?"

पुन्हा चारही पालथ्या. त्याने फाका गोळा केल्या. "आत्या..." एवढेच त्याच्या तोंडून निघाले आणि त्याने त्या टाकल्या.

दोन उताण्या, दोन पालथ्या.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी टाळ्या वाजवल्या. "हो म्हणाली! आत्या हो म्हणाली!" एगर्टन कुंडीला कपाळ टेकून रडू लागला. मन हलके झाल्याचे ते रडणे होते. माझ्याजवळ उभ्या रुगियातूचा डाव मात्र थांबला होता. ती हळूच म्हणाली, "दोनदा नाही म्हणाली, बाबांनो." कुणी ऐकले नाही.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, म्हणून एवढेच लिहून ठेवतो. घर रंगवा, विका, तुमची अडचण मला कळते. पण त्या घरात जो अजून चूल पेटवतो आहे, त्याला तो श्वास घेत असतानाच विचारा. आणि पहिल्यांदा तो नाही म्हणाला, तर तिथेच थांबा. तिसऱ्यांदा मिळालेला होकार घेऊन आनंदाने घरी जाऊ नका. तसे होकार मी जन्मभर पाहिले आहेत. ते दमलेल्या माणसाचे असतात.