शनवाऱ्याची मुऱ्हाळी

सकाळी अकरा वाजता मालतीबाई तुकईथडला मथुराच्या सासऱ्याच्या, देवरामच्या, ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मथुराला न्यायला आले. मी तिची मुऱ्हाळी."

१९५७ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती. आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुऱ्हाळी. मथुराचा भाऊ निंबा येणार नव्हता. मार खाऊन ती दोनदा त्याच्याकडे पळाली, दोनदा त्यानेच तिला परत आणून सोडलं. त्यानंतर नवऱ्याने, भिकनने, तिचा डावा हात मोडला.

मालतीबाई तिच्या नात्याच्या नव्हत्या. बुऱ्हाणपूरला, शनवाऱ्यात, त्या मुलींच्या शाळेत शिकवत. अकरा वर्षांत त्या एकतीस ओट्यांवर अशा बसल्या होत्या. दर वेळी आधी त्या पोलीस ठाण्यात जात. गेल्या वर्षी राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून तिथे एकच उत्तर मिळे: नवे हुकूम आले नाहीत.

सासू सोजरबाई दारात आली. "मुऱ्हाळी म्हने! मिशा कुठं ठेवल्या, बाई?"

"मिशावाला दोनदा येऊन गेला, विहीणबाई. काय करून गेला, तुम्ही पाहिलंच."

समोर जमलेल्या बाया हसल्या.

"विहीण कोन तुही? चाल, नीघ."

मालतीबाई हलल्या नाहीत. ऊन ओट्यावर आलं. साडेबाराला शेजारचा म्हातारा उखर्डू म्हणाला, "सोजर, दारी आलेल्या बाईले पानीबी नाही का तुह्या घरात?"

सोजरबाईला ते लागलं. तणतणत तिने तांब्या आणून आदळला आणि हाताच्या सवयीने सोबत गुळाचा खडाही ठेवला. त्या गावात मुऱ्हाळ्याला गूळ दिला की लेक पाठवायचं कबूल केलं, असं धरत.

मालतीबाईंनी खडा सगळ्यांना दिसेल असा उचलून तोंडात टाकला. "गूळ खाल्ला, विहीणबाई. आता लेक द्या."

"दिला ना गूळ?" उखर्डू म्हणाला. "मंग झालं."

इतका वेळ ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला भिकन उठून मालतीबाईंनी आणलेल्या बैलगाडीला आडवा उभा राहिला. "पाय तर ठेवू दे तिले गाडीत, मंग पाहतो."

मालतीबाईंनी मथुराला हाक मारली नाही. कुठल्याच बाईला त्या हाक मारत नसत, हाताला धरत नसत. उंबरा तिचा तिने ओलांडायचा. एकतीसपैकी नऊ जणी आतून बाहेर आल्याच नव्हत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी मथुरा बाहेर आली. हात फडक्यात बांधलेला, डोक्यावरचा पदर नीट. ती सरळ भिकनकडे चालत गेली. तिच्या पायांचा वेग शेवटपर्यंत बदलला नाही. एका हाताच्या अंतरावर ती आली तेव्हा तो बाजूला झाला. का झाला, हे तिथे उभ्या असलेल्या सतरा-अठरा माणसांतल्या एकालाही नंतर सांगता आलं नाही. ती गाडीत बसली, तरी गाडीवान गिरधर कितीतरी वेळ बैल हाकायचंच विसरला.

मालतीबाईंच्या दोन खोल्यांत मथुरा एका हाताने मागाच्या कांड्यांवर सूत भरायला शिकली. याआधी तिथून बारा जणी सासरी परत गेल्या होत्या. मालतीबाईंनी एकीलाही अडवलं नाही. त्यांतल्या दोघी आता नाहीत.

रविवारी दुपारी चारला भिकन केळीचा घड घेऊन आला. पायरीवर बसून म्हणाला, "चुकलो. न्यायला आलो."

"तिला विचारा," मालतीबाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला आत गेल्या.

मथुरा दारात उभी राहिली. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत तिने होही म्हटलेलं नव्हतं, नाहीही म्हटलेलं नव्हतं.