रातमाणसाची दुपार

"आधी घोडा उचल, मग बापाचं बोल," ईव्हर मालक तबेल्याच्या दारातूनच म्हणाला.

"आधी चार खांदे, मग घोडा," लाउस्ट म्हणाला. "आणि रात्री नाही. आत्ता, उजेडी."

घोडा परवापासून आत फुगून पडला होता. मेलेल्या घोड्याला हात लावला की माणूस बाटतो, म्हणून अख्ख्या माळावरची मेलेली घोडी ओढायची नि सोलायची ती लाउस्टच्या बापानं, वोल्लेनं. तो वोल्ले काल मेला. पाद्री म्हणाला, पुरा, पण अंधार पडल्यावर, चर्चच्या मागल्या भिंतीला.

मालकिणीनं दिलेली दारू लाउस्टच्या हातात तशीच होती. पेला लाउस्टच्या घरच्यांसाठीचा वेगळा, खालची बैठक मोडलेला, एरवी मागल्या दारी खिळ्याला टांगलेला. भरला की खाली ठेवायची सोय नाही.

"तुम्ही नात्मान. रातमाणूस," मालक म्हणाला. "नावातच रात्र आहे. मग रात्रीच जा की."

लाउस्टचं डोकं सणकलं. शाळेत त्यानं दोनच हिवाळे काढले. शेजारी कोणी बसेना म्हणून त्यानं रागानं बाकच मोडला, संपली शाळा. पण मास्तरनं तेवढं सांगितलं होतं. शहरात संडास उपसणाऱ्यांना हुकूम होता, रात्रीच यायचं, लोकांच्या डोळ्यांना त्रास नको. घाण लोकांची, नाव उपसणाऱ्याला. पुढं ते माळावर आले, भर दुपारी घोडी सोलू लागले, तरी नावातली रात्र काही उतरली नाही.

"माझा बाप उन्हात राबला," तो म्हणाला. "रात्र तुम्ही चिकटवलीत. मेल्यावर तरी काढा."

मालक खाली बघत म्हणाला की खांदा दिला तर पोरीला स्थळ येणार नाही. हवी तर गाडी ने.

"ओढणार कोण? हा?" लाउस्टनं तबेल्याकडं मान उडवली. मग पेला पुढं केला. "बरं, हा तरी धरा."

मालकाचा हात झटकन मागं गेला. पेला दगडावर फुटला.

घरी येऊन त्यानं मेलेली जनावरं ओढायची फळी काढली. आईनं आणि त्यानं बापाची पेटी तिच्यावर चढवली, वर फावडं ठेवलं. दोर त्यानं छातीवरून घेतला. आई म्हणाली, गावातून नको रे, दगड मारतील. जरा सांज होऊ दे.

चर्चचा रस्ता मालकाच्या दारावरूनच जात होता. तिकडं खिडक्या बंद व्हायला लागल्या होत्या. घोड्याचा वास इथवर येत होता.

"सांज नाही," तो म्हणाला. ऊन अजून छपरावर होतं. त्याला आता निघायलाच हवं होतं.