तोतारामचा कॉल

"तुला कुणाला धरून आणायचं नाहीये. नेहमीसारखा कॉल द्यायचा, बस्स," साहेब म्हणाले.

तोताराम रेल्वेच्या साहेबांच्या टेबलासमोर उभा होता. बाजूच्या खुर्चीत पोलीस इन्स्पेक्टर टोपीनं वारा घेत बसला होता. चौऱ्याहत्तरचा मे महिना, भुसावळचं ऊन आणि त्यात रेल्वेचा संप. एरवी रात्रंदिवस धापा टाकणारं यार्ड इतकं गप्प पडलं होतं की तोतारामला त्या शांततेनंच झोप येत नव्हती.

तोताराम कॉलबॉय होता. वय छप्पन्न, मिशा पांढऱ्या, तरी हुद्दा 'बॉय'च. सरकारदरबारी काही माणसं मोठी होतच नाहीत. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या, गार्डच्या क्वार्टरवर जायचं, काठीनं दार वाजवायचं, नाव आणि गाडी सांगायची, सही घ्यायची. याला कॉल म्हणायचं. माणूस जेवत असो की अंथरुणात असो, कॉल घेतला की निघाला. त्यामुळे तो लांबून दिसला तरी बायका बोटं मोडत. भाईदास ड्रायव्हरला तर त्यानं लेकीच्या बारशाच्या पंगतीतून उठवून नेलं होतं. तेव्हापासून भाईदासची बायको सुनंदाबाई त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. उन्हातून दारी आलेल्याला आधी पाणी विचारायचं ही इकडची रीत. तिनं ती त्याच्यापुरती मोडली होती. तोतारामला ते लागायचं, फार लागायचं. पण त्याला शिव्या घालणाऱ्या बायकासुद्धा एक गोष्ट कबूल करत, की तोतारामचा कॉल कधी खोटा निघत नाही.

साहेबांना नेमकं तेच हवं होतं. संपवाले ड्रायव्हर क्वार्टरांत लपले होते. पोलीस पुढून आले की ते मागच्या भिंतीवरून पसार होत. म्हणून साहेबांनी डोकं चालवलं होतं. 'संप मिटला, ड्यूटीवर या' अशी हाक तोतारामनं द्यायची. त्याच्या आवाजावर माणसं आपल्या पायांनी बाहेर येतील, आणि पाण्याच्या टाकीमागे जीप उभी असेल.

संप कुठे मिटलाय, असं तोताराम हळूच म्हणाला. साहेब हसले.

"मिटेल रे उद्या-परवा. तुझा मुलगा मॅट्रिक होऊन घरी बसलाय ना? त्याचा रेल्वेतला कॉल मी काढतो."

नाही म्हटलं तर काय होईल, ते साहेबांनी सांगितलं नाही. इन्स्पेक्टरनं मात्र पेन्शनला किती अवकाश आहे याची चौकशी केली.

काठी घ्यायला तो घरी आला. रस्ताभर त्याच्या डोक्यात तो एकच शब्द घुमत होता. काय एकेक तऱ्हा त्या कॉलच्या! रावेरचे केळीवाले पोस्टात बसून दिल्लीला ट्रंक कॉल लावत आणि भाव ऐकून कधी पेढे वाटत, कधी कपाळ धरत. डॉक्टर कॉलवर गेला की कुणाच्या तरी घरात रडारड ठरलेली. क्लबात गार्ड लोक पत्त्यांच्या डावात कॉल देत, तो चुकला तर चहावर भागायचं. युनियननं दिला तो संपाचा कॉल. भाईदास तेव्हा हसून म्हणाला होता, आबा, या खेपेला तुमच्या आधी दुसऱ्याचाच कॉल आला. आणि घरातला पोरगा तीन वर्षं पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून बसला होता, तो नोकरीचा कॉल. या सगळ्यांत तोतारामचा कॉल अगदी गरीब, त्याला ना पैसा ना मान. खरेपणा तेवढा होता.

बायकोला, धुरपदाबाईला, त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पोऱ्याले कॉल उना तं बठ्ठं चांगलं व्हई," ती म्हणाली. पोराला कॉल आला तर सगळंच चांगलं होईल, हे त्यालाही कळत होतं. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वर न बघता बोलली, "पन सुनंदानी पोर धाकलीच शे."

पुढे काय करायचं ते तिनंही सांगितलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि उडी एकट्यानंच मारायची. तोताराम काठी घेऊन निघाला.

टाकीमागे जीप होती. इन्स्पेक्टरनं मानेनंच खूण केली. क्वार्टरांची सगळी लाइन दारं लावून बसली होती. भाईदासच्या घरातून पोरीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. तोतारामच्या तोंडाला कोरड पडली. काय बोलायचं हे अजूनही त्याचं ठरलं नव्हतं. सवयीनं त्याची काठी दारावर पडली.

आतली कडी सरकली.

त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं. नुसत्या काठीच्या आवाजावर भाईदास दार उघडत होता. कोण, कशाला, काही विचारलंसुद्धा नाही.

"भाईदास, कडी लाव," तो म्हणाला. मग लाइनीकडे तोंड करून, पहाटेच्या गाडीला काढायचा तोच आवाज त्यानं काढला. "आज कॉल नही शे! कोनलेच कॉल नही शे! टाकीमांगे जीप शे!"

धडाधड मागची दारं वाजली. भिंतीवरून उड्या पडल्या, हवालदार धावले, त्यांच्या हाती कुणी लागलं नाही. इन्स्पेक्टरनं येऊन आधी त्याची काठी हिसकावून घेतली, मग दंड धरला.

"म्हाताऱ्या, पोराच्या ताटात माती कालवलीस."

इन्स्पेक्टरचं बोलणं खरंच होतं. संध्याकाळी पोराला काय सांगायचं, एवढंच तोतारामच्या डोक्यात होतं. इन्स्पेक्टर त्याला जीपकडे ओढत नेऊ लागला.

"तोताराम आबा."

त्यानं मागे पाहिलं नाही. या गल्लीत नावं पुकारायची ती त्यानं. त्याला कधी कुणी हाक मारलीच नव्हती.

"ओ आबा, थांबा. पानी पीसन जा."

सुनंदाबाई उंबऱ्यात उभी होती, हातात पाण्याचा पेला घेऊन. इन्स्पेक्टरची पकड का कोण जाणे, जरा सैल झाली. तोताराम मागे फिरला, पायरीपाशी आला. त्यानं पेल्याला हात लावला, पण हात फार कापत होते. म्हणून तिनं पेला सोडला नाही. त्याचं पिऊन होईपर्यंत ती तो तशीच धरून उभी राहिली.