दोमितिला मावशीचा ओला फडका

पक्षी बघायला अख्ख्या जगातून लोक आमच्या तांबोपाता नदीवर येतात, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या माझ्या दोमितिला मावशीनं मातीचा कडा जन्मात पाहिला नव्हता. भल्या सकाळी मकाव, म्हणजे लांब शेपटीचे मोठे तांबडे पोपट, माती खायला कड्यावर उतरतात, नेमकी तेव्हाच तिची केळी तळायची वेळ. मी त्याच विश्रामगृहाचा वाटाड्या. पाहुण्यांना होडीतून कड्यासमोर नेऊन बसवायचं आणि खोकला आला तरी गिळा म्हणून दटावायचं, हे माझं काम.

पण मकाव कसा असतो हे मावशीला कुणी शिकवायला नको. घरट्यातलं सगळ्यात धाकटं पिल्लू बहुतेक उपाशीच मरतं. असंच एक मरतुकडं पिल्लू पक्ष्यांच्या अभ्यासकांनी झाडावरून खाली उतरवलं होतं, उजव्या पायाचं एक बोट उंदरानं खाल्लेलं. मावशीनं त्याला पेज भरवून वाढवलं आणि तुको नाव ठेवलं. पुढे तो रानात उडायला लागला, तरी न्याहारीला हजर. पाव पळवायचा, पाहुण्यांच्या शर्टाची बटणं तोडायचा, आणि मावशीनं हात वर केला की मनगटावर येऊन बसायचा. ती त्याला शिव्या घालायची आणि सगळ्यात पिकलेलं केळं त्याच्यासाठीच लपवून ठेवायची.

मग नदीच्या खालच्या अंगाला, सोनं गाळणाऱ्यांच्या छावणीत, असाच एक माणसाळलेला मकाव कुणाच्या तरी हातावर जाऊन बसला. त्यांनी त्याचे पंख छाटले, पिंजऱ्यात कोंबला, आणि तो तिथंच मेला.

हे मावशीच्या कानावर आलं. दुसऱ्या सकाळी तुको आला, तिनं नेहमीसारखा हात वर केला, आणि तो बसायला आला तसा दुसऱ्या हातातला ओला फडका त्याच्या तोंडावर हाणला.

"अगं मावशी, वेड लागलं का तुला?"

"तू गप रे! माणसाची भीती बसली नाही तर मरेल तो."

तुकोला काही कळेना. तो पुन्हा पुन्हा येत राहिला आणि ती हाणत राहिली. शेवटी त्यानं येणंच सोडलं. पिकलेलं केळं मात्र फळीवर तसंच ठेवलेलं असायचं.

"विसरला असेल मला," ती म्हणायची. "पोरंबाळं झाली असतील."

"तुला तेच हवं होतं ना?"

"हवं होतं. म्हणून काय आवडायला पाहिजे?"

यंदा स्वयंपाकघरात हाताखाली एक बाई आली, तेव्हा मी मावशीला ओढूनच होडीत बसवलं. ती ठेवणीतला झगा घालून आली होती. पिशवीत एक केळं.

"हे कुणाला?"

"मला भूक लागत नाही का रे?"

आम्ही झावळ्यांच्या आडोशाला बसलो. धुकं हटलं, मकाव उतरले नि कडा लाल झाला, पाहुण्यांच्या दुर्बिणी वर गेल्या. तेवढ्यात एक जोडी अगदी आमच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसली. त्यातल्या एकाच्या उजव्या पायाला एक बोट नव्हतं.

"मावशी," मी कुजबुजलो, "तुको!"

तिचे डोळे भरून आले. "केवढा झालाय मेला! आणि बायको बघ, नाकीडोळी कशी नीटस आहे."

मी तिचा झगा पकडणार, तोवर ती आडोशाबाहेर गेली आणि तिनं हात वर केला. मनगट पुढे, पूर्वीसारखंच.

तुको जिवाच्या आकांतानं किंचाळला. त्या एका हाकेसरशी कड्यावरचे सगळे मकाव उठले आणि नदीपार निघून गेले. एक पाहुणा माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता. समोर नुसती माती उरली.

मावशीचा हात अजून वरच होता. मी तो धरून खाली आणला.

"मी आपली म्हणत होते, विसरला असेल," ती म्हणाली. "नाही रे विसरला."