समोरच्या काचेवरचा पहारेकरी

मित्रांनो, शालिग्रामभाऊंच्या पिकअप गाडीत, समोरच्या काचेला आतून चिकटलेला, कॅमेऱ्याच्या एका डोळ्याचा मी एक जुना पहारेकरी आहे. पुढचे वाहन फार जवळ आले की तांबडा दिवा लावायचा आणि टिट्-टिट् ओरडायचे, एवढेच माझे काम. ब्रेक मला लावता येत नाही. तो माणसाच्या पायाखाली असतो. म्हणून माझा जीव सदा धाकधुकीत.

दूरच्या कारखान्यात मला हजारो चित्रे दाखवून मोटार, ट्रक, दुचाकी ओळखायला शिकवले. कापसाने भरलेली बैलगाडी मात्र कोणी दाखवली नाही. खामगावच्या एका मिस्त्रीने मला इथे बसवले, ते केसरबाईंच्या हट्टाने. केसरबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. जळगाव जामोदकडच्या शेतांवर त्या बारा-चौदा बायांना कापूस वेचायला नेत. "लोकाच्या लेकीसुना माह्या भरवशावर येतात," त्या म्हणत, "त्याहीच्या जिवाले राखण पाहिजे."

एकदा पुढची एसटी अचानक थांबली. मी ओरडलो, भाऊंनी ब्रेक दाबला, वीतभर अंतर राहिले. त्या दिवसापासून माझे कौतुक सुरू झाले. दसऱ्याला केसरबाईंनी उपाशीपोटी गाडीची पूजा केली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा नेमका माझ्या डोळ्यासमोरच्या काचेवर लावला. त्यांच्या भावात खोट नव्हती हो, जागा तेवढी चुकली. भाऊ रोज काच धूत, पण पूजेचे कुंकू कसे पुसायचे, म्हणून तेवढी जागा सोडून देत. मग वायपरने ते पसरवले. मला सारे जग तांबूस धुरकट दिसू लागले. बाभळीची सावली ट्रक वाटे आणि मी उगाच ओरडे.

"काऊन बोंबलून राह्यलं बे हे?" भाऊ वैतागले.

"म्हातारं झालं असन," मागून एक बाई म्हणाली, "तुमच्यावानीच, भाऊजी!"

बाया खदखदून हसल्या. भाऊंनी माझ्या आवाजाच्या भोकात कापसाचा बोळा कोंबला.

पुढे बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. उरलेला कापूस लवकर वेचून घ्यायची शेतकऱ्यांना घाई. त्या सकाळी दाट धुके होते, तरी भाऊ गाडी जोरात हाणत होते. वेचणीला येणारी, सातवा महिना लागलेली यास्मीन त्यांच्याशेजारी बसली होती. केसरबाई इतर बायांबरोबर मागे उभ्या होत्या.

धुक्यात पांढरा ढीग दिसला. ढग की गाडी? मला ओळखू येईना. उशिरा का होईना, मी दिवा लावला, जीव तोडून ओरडलो. कापसाने माझा आवाज गिळला.

"भाऊ, लाल दिवा लागला," यास्मीन म्हणाली.

"रोजचंच हाय ते, बाई."

"थांबवा ना, भाऊ! मले भेव वाटून राह्यलं!"

तिच्या किंकाळीने भाऊंचा पाय ब्रेकवर गेला. चाके किंचाळली. आमचे नाक बैलगाडीतल्या कापसात रुतले आणि तिथेच थांबले. बैल वाचले, गाडीवान वाचला. मागे मात्र बाया एकमेकींवर आदळल्या. केसरबाईंचे मनगट मोडले.

मोडका हात छातीशी धरून त्या आधी खिडकीशी आल्या.

"यास्मीन, पोटात दुखत तं नाही ना, माय?"

"नाही, काकी."

मग त्यांची नजर काचेवर गेली. "मीच याचा डोळा झाकला," त्या हळूच म्हणाल्या. भाऊंनी खाली मान घालून बोळा उपसून काढला. केसरबाईंनी देवाचे नाव घेतले आणि डाव्या हाताने, पदराने, काच लख्ख पुसली.

परवा मी पुन्हा चुकलो. चिंचेच्या सावलीला भिऊन ओरडलो. भाऊंनी गाडी हळू केली. समोर काहीच नव्हते. मी ओशाळलो, पण कोणी हसले नाही.

"चुकला तं चुकला," भाऊ म्हणाले. "सांगत जाय."

मित्रांनो, आम्ही बरेच अपघात टाळतो, सारे नाही. धुक्यात आम्हाला कमी दिसते. आमची काच पुसत जा, आमचे तोंड बंद करू नका आणि सारा भार आमच्यावर टाकून वेगही वाढवू नका. मी फक्त पुढे पाहतो. मागे किती जीव उभे आहेत, ते मला दिसत नाही. ते गाडी चालवणाऱ्यानेच लक्षात ठेवायचे असते.