अंजनी विरुद्ध स्टार, आणि गोलमध्ये मी

खडकीत फुटबॉलचा विषय काढलात की समोरचा आधी तुमचं आडनाव विचारतो. उगाच नाही, तुम्हाला कुठल्या बाजूला उभं करायचं ते ठरवायला. मारुतीच्या देवळाजवळचं अंजनी क्रीडा मंडळ आणि चर्चच्या मागचा होली स्टार, दोन्ही क्लब इंग्रजांच्या जमान्यातले. फॅक्टरीत दिवसभर एकाच शेडमध्ये काडतुसं भरणारी माणसं संध्याकाळी मैदानाच्या दोन कडांना उभी राहायची आणि एकमेकांचे देव काढायची. आता तसं काही राहिलेलं नाही. आता दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत.

मी संस्कृती, दहावी ब. अंजनीच्या संपतची मुलगी आणि होली स्टारची गोलकीपर. हो, दोन्ही!

कसं झालं सांगते. मला गोलकीपर व्हायचं होतं आणि अंजनीत मुलींची टीमच नव्हती. मी स्वतः जाऊन सेक्रेटरी बद्रीनाथकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मुलींसाठी लेझीम आहे की आपल्याकडे!" मग मी एस्थर मिसना गाठलं. मिस आमच्या शाळेत पी.टी. घेतात आणि स्टारच्या मुलींना शिकवतात. त्यांनी आडनाव नाही, उंची विचारली. वर्गात हजेरी द्यायचीसुद्धा लाज वाटणारी मी दोन महिन्यांत डिफेन्सवर अशी खेकसायला लागले की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे. मॅचच्या आधी स्टारच्या मुली हात धरून रिंगण करतात, प्रार्थना करतात. मीही डोळे मिटते आणि आमच्या मारुतीला बोलावून घेते. आजवर दोघांचं काही भांडण झालेलं नाही.

पप्पा स्वतः अंजनीचे जुने गोलकीपर. ते मला नको म्हणाले नाहीत आणि शाब्बासही म्हणाले नाहीत. ड्यूटीवरून आले की क्वार्टर्सच्या मागच्या भिंतीपुढे मला उभं करायचे आणि बॉल मारत सुटायचे.

"डावीकडे खाली उशिरा जातेस."

"पप्पा, रोज तेच काय सांगता?"

"रोज तेच करतेस म्हणून."

मग स्टारच्या मुलींचा फोटो पेपरात आला आणि अंजनीला एकदम स्त्रीशक्तीचा साक्षात्कार झाला. टीम तयार, भगवी जर्सी तयार, कोच कोण तर पप्पा! गोलकीपर कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. बद्रीनाथकाका जर्सी घेऊन थेट घरी आले. पाठीवर माझं नाव छापलेलं.

"काका, मी स्टारकडून खेळते."

"खेळलीस ना? हौस झाली ना? आता ये घरी."

"पण तेव्हा तुम्ही लेझीम..."

"संपत, पोरगी बोलायला चांगली शिकली रे. तिकडं हेच शिकवतात वाटतं."

काका गेल्यावर पप्पांनी विचारलं, "काय करणार?"

"स्टार."

"बरं," म्हणाले आणि कप विसळायला उठले. पप्पांच्या 'बरं'चा अर्थ आमच्या घरात अजून कुणाला लागलेला नाही.

मुलींच्या स्पर्धेत फायनलला स्टार आणि अंजनीच समोरासमोर आले आणि त्यानंतर मला कुठं जायची सोय उरली नाही. वाण्याकडे गेले तर बायका विचारायच्या, "चर्चलापण जातेस का गं आता?" प्रॅक्टिसला गेले तर एका मुलीचे डॅडी माझ्यासमोरच मिसना म्हणाले, "फायनलला हिला ठेवणार? अंजनीच्या संपतची मुलगी आहे ही."

"ही माझी कीपर आहे," मिस म्हणाल्या. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "दुसरीच्या हातून बॉल सुटला तर ती चूक असेल. तुझ्या हातून सुटला तर क्लबची कमिटी तुला पुढे खेळू देणार नाही. मग माझंही काही चालणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. म्हणजे एकही गोल खायचा नव्हता. सोपं काम!

फायनलला अंजनीवाल्यांनी पलीकडच्या पोस्टपाशी नारळ फोडला. आमची प्रार्थना झाली. अर्धी मॅच झाली, पुढची अर्धीही संपत आली, एकही गोल नाही. मी दोनदा झेप घेऊन वाचवलं, एकदा तर तोंडाने. आणि तेवढ्यात आमच्या डिफेन्डरने अंजनीच्या अपूर्वाला पाडलं. पेनल्टी!

अपूर्वा शाळेत माझ्याच बाकावर बसते. तिने बॉल ठेवला आणि बेंचकडे पाहिलं. बेंचवर पप्पा.

ते सांगणार. हिच्या डावीकडे खाली मार म्हणून खूण करणार. कोच आहेत, का नाही सांगणार? मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. इतका राग आला होता की तिथंच ठरवून टाकलं, सांगा तुम्ही, आज मी उशिरा जाणारच नाही.

शिट्टी झाली. मी डावीकडे झेपावले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर!

बॉल उजवीकडून गेला. हळूच, लहान बाळाकडे सोडावा तसा.

बाजाराच्या, म्हणजे अंजनीच्या कडेने एकच आरडाओरडा. "आपलं रक्त आहे शेवटी!" "शाब्बास संस्कृती!" आणि समोरच्या कडेवरून, "बघितलं? बॉल सोडून उलटीकडे गेली!" आमच्या मुलींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. बॉल जाळीतून मीच काढला.

आणि मॅच अजून संपली नव्हती. बाकीच्या निदान इकडेतिकडे पळू शकतात. मी दोन खांबांमध्ये. जाळीमागे अंजनीची पोरं येऊन उभी राहिली. "ताई, प्रसाद घे ना," म्हणत एकाने खोबऱ्याचा तुकडा आत सरकवला. स्टारच्या सगळ्या लोकांनी ते पाहिलं. मी पायाने तुकडा बाहेर ढकलला, तर पोरं चिडली, "प्रसादाला पाय लावते!"

एक-शून्य. हरलो.

मैदानाला दोन गेट आहेत. बाजाराच्या गेटवर ढोल सुरू झाला. बद्रीनाथकाका गुलालाची पिशवी नाचवत ओरडत होते, "संपत, आण तिला! खांद्यावर घेऊ!" चर्चच्या गेटवर मिसना कमिटीने घेरलं होतं. मिस हातवारे करून बराच वेळ बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून मान हलवली. नाही अशी.

पप्पा आले आणि गोललाइनवर माझ्याशेजारी बसले.

"तुम्ही तिला सांगितलंत ना?"

"नाही."

"ती तुमच्याकडे बघत होती."

"बघत होती. मी बुटाची लेस बांधत होतो."

मी म्हटलं, "मी मुद्दाम नाही सोडला, पप्पा."

"माहितीये. तेवढी अ‍ॅक्टिंग तुला येत नाही."

"मग सांगा ना त्यांना!"

"कुणाला? मी सांगितलं तर स्टारवाल्यांची खात्रीच पटेल."

"आणि आपल्या लोकांना?"

त्यांनी ढोलाच्या दिशेने पाहिलं. "त्यांना खरं कळून काय करायचंय? ते जिंकलेत."

मी ग्लव्हज काढले. बोटं सुजली होती. घरी जायला दोन्हीपैकी एक गेट लागतंच.

"गर्दी गेली की निघू," पप्पा म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

आम्ही वाट बघत बसलो. दोन्ही गेटांवरचं कुणी हलेना.